घरच्याच मावशी

जालना सोन्याचा पालना, असं म्हणतात. पालना हलवायला बाई लावावी लागते. तिच्या पगाराचा उल्लेख म्हणीत नाही, यातच आमच्या गावाची समज दिसते.

आमच्याकडे धुण्याभांड्याच्या मावशी घरच्याच आहेत. घरच्या माणसाला कोणी पगारी सुटी देतं का? खाडा मात्र मांडावा लागतो, कारण कॅलेंडरला नाती कळत नाहीत. तारखेभोवती गोल म्हणजे दूध आलं नाही, फुली म्हणजे मावशी आल्या नाहीत. चहा रोज देतो. त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. घरात दुसऱ्या कोणाला आहे का असा राखीव कप?

पूर्वीच्यांना हे साधलं नव्हतं. पेशवाईत कुणबीण रोख मोजून घ्यावी लागे, वर जन्मभर खाऊ घालावं लागे. 1843 साली कंपनी सरकारने कायदा करून गुलामीची मान्यताच काढली आणि मालकांचा केवढा भुर्दंड वाचवला! साहेबांच्या आया तर पोरं सांभाळत बोटीने विलायतेला जात. तिथे काहींना परतीच्या तिकिटाविना वाऱ्यावर सोडलं जाई, म्हणून लंडनच्या हॅकनी भागात त्यांच्यासाठी वसतिगृह चालवावं लागलं. आमच्या मावशींना असा धोका नाही. जुन्या जालन्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की आमची गल्ली. मग चार घरं, चार जिने.

शेजारच्यांच्या मावशी बदनापूरहून एसटीने येतात. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा सरकारनेच परस्पर पगारवाढ दिली, असं शेजाऱ्यांनी धरलं. हिशेब चोख आहे.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता. तिकडे त्या घरच्या झाल्या नसाव्यात. पुढे 2008 साली राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या नोंदणीचा कागद घेऊन मावशी आल्या. काम देणाऱ्याचा दाखला हवा होता. घरच्या माणसाला कामगार म्हणून लिहून द्यायला आमचा हात धजेना. देशाचंही असंच आहे: 2011 साली जिनिव्हात घरकामगारांच्या कराराला मत दिलं, मंजुरी अजून बाकी आहे. आम्ही दाखल्याऐवजी साडी दिली, फॉल-बिडिंगसकट.

आता मागच्या बंगल्यात दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून त्या एक तारखेपासून काम सोडताहेत. घरच्या माणसाने असं करावं?