हाइन्रिखांची हजेरी

जर्मनीतल्या रॉइस घराण्यात बारशाला आत्याबाईंना काही कामच नसतं. मुलगा झाला की नाव हाइन्रिख. दुसरा झाला तरी हाइन्रिख, चुलत्याकडे झाला तरी हाइन्रिख. बाराव्या शतकातल्या सम्राट सहाव्या हाइन्रिखने यांच्या पूर्वजांवर मेहेरनजर केली म्हणे. ते उपकार घराणं आठशे वर्षं पाळण्यात फेडतं आहे.

मग हाक कुणाला मारली हे कळायचं कसं? आकड्याने. हा आकडा गादीचा नव्हे, जन्माचा. तान्हेपणीच गेलेल्या बाळानेही आपला नंबर अडवून ठेवायचा. पुढे घराण्याच्या पाती झाल्या; त्यातल्या थोरल्या पातीचा शिरस्ता शंभरपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करण्याचा, तर धाकट्या पातीत साधारण शतक पालटलं की पाटी कोरी. त्यामुळे धाकट्यांचा राज्यकारभार असा चालला : १८४८ च्या क्रांतीला कंटाळून लोबेनश्टाइन-एबर्सडोर्फच्या बहात्तराव्याने गादी सोडली, ती श्लाइत्सच्या बासष्टाव्याला मिळाली. बासष्टाव्यामागून त्याचा भाऊ सदुसष्टावा आला आणि सदुसष्टाव्याचा मुलगा निघाला चौदावा. इतिहासाच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांवर काय प्रसंग येत असेल! या बहात्तराव्याच्या नावावर एक फतवाही सांगतात : प्रत्येकाला त्याच्या हुद्द्यानेच हाक मारा, नाहीतर दंड भरा. स्वतःच्या वाट्याला नुसता नंबर आल्यावर माणूस हुद्द्याला जपणारच.

नावात दाखवलेली काटकसर या मंडळींनी जमिनीत मात्र दाखवली नाही. १५६४ मध्ये थोरली, मधली, धाकटी अशा तीन वाटण्या झाल्या. मधली पाती १६१६ मध्ये संपली. धाकटीने गेरा, श्लाइत्स, लोबेनश्टाइन, एबर्सडोर्फ असे आणखी तुकडे पाडले. भाऊबंदकी आपलीच मिरास आहे असं मानणाऱ्यांनी हे तुकडे जिथे पडले त्या थुरिंगियाचा जुना नकाशा एकदा पाहावाच.

थोरल्यांचं ग्राइत्स म्हणजे जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर, पण ताठा साम्राज्याचा. १८६६ च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात त्यांनी ऑस्ट्रियाची बाजू घेतली, लगेच प्रशियाचं सैन्य दारात आलं आणि दंड भरावा लागला. पुढे जर्मन साम्राज्याच्या सभेत प्रशियाची मतं सतरा, ग्राइत्सचं एक. ते एक मत बाविसावा हाइन्रिख बिस्मार्कच्या विरोधात टाकत राहिला. जन्मभर प्रशियाशी उभा दावा मांडलेल्या या गृहस्थाची मुलगी हर्मिने हिने १९२२ मध्ये लग्न केलं ते कोणाशी? तर प्रशियाच्याच पदच्युत कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी. सासरेबुवा तोवर वारले होते, सुटले.

१९१८ च्या नोव्हेंबरात थोरल्या-धाकट्या दोन्ही गाद्या गेल्या. मग प्रजेने दोन्ही रॉइस जोडून १९१९ मध्ये एकच प्रजासत्ताक केलं आणि पुढच्या वर्षी ते थुरिंगियात विलीन झालं. भावाभावांना साडेतीनशे वर्षांत जे जमलं नाही, ते राजे घरी बसल्यावर दीड वर्षात उरकलं.

आकडे मात्र अजून चालू आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मन सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपाखाली तेराव्या हाइन्रिखला अटक झाली. २०२४ मध्ये फ्रँकफुर्टला खटला उभा राहिला. त्याला राष्ट्रप्रमुख करण्याचा बेत होता, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. घराण्याने हात झटकले : हा गृहस्थ आमच्या कुलमंडळातून कधीच बाहेर पडला आहे. हे सांगायला पुढे आले ते सध्याचे कुटुंबप्रमुख, हाइन्रिख चौदावे.