कणकेची वही

लॅपटॉपमधून आवाज आला म्हणून आजवर कुणी कुणाचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही. आवाज गेला की मात्र माणूस हातातलं काम टाकून उठतो, लॅपटॉपला चापट्या मारतो आणि मग घरातल्या सगळ्यात तरुण माणसाला हाक मारतो. त्या तरुण माणसाच्याही पलीकडे, कुठल्या तरी देशात, आवाजाच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, सांभाळणारा कुणी तरी बसलेला असतो, याची कल्पना मलाही परवापरवापर्यंत नव्हती. आता आहे, आणि हा मनुष्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

मुळात वेल्ह्यात पावसाळ्यात आवाज तपासणं हाच अव्यापारेषु व्यापार. तोरण्यावरून ढग खाली उतरले की पत्र्यावर असा मारा सुरू होतो की समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. तिथे लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरची काय कथा? आषाढात बिघडलेला स्पीकर आमच्याकडे भाद्रपदात बिघडतो, कारण तोवर ते कुणाला कळायला मार्गच नसतो. यंदाही तसंच झालं. पावसानं जरा उघडीप दिली, गणपती तोंडावर आले, भजनी मंडळाला जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून चाली बसवायच्या होत्या, आणि लॅपटॉपनं मौन धरलं. हेडफोन लावला तर अभंग खणखणीत. काढला की शुकशुकाट.

या लॅपटॉपवर पुतण्यानं लिनक्स घातलेलं होतं. जुनं यंत्र त्यावर पळतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते पळतही होतं. त्याला बोलावलं.

"काका, हेडफोनवर येतोय ना आवाज? मग हेडफोन लावूनच ऐका की."

"मी ऐकेन रे. पण एवढ्या टाळकऱ्यांच्या कानांना एक हेडफोन कसा लावायचा, तेवढं सांग."

मग त्यानं ती काळी खिडकी उघडली आणि आल्सामिक्सर नावाचा प्रकार दाखवला. पडद्यावर ओळीनं उभे खांब: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी दोन अक्षरं. ‘ओओ’ म्हणजे वाट मोकळी, ‘एमएम’ म्हणजे तोंड बंद. एमचं बटण दाबलं की एकाचं दुसरं होतं. आमचे सगळे खांब ‘ओओ’ होते, म्हणजे दप्तरी आवाज चालू होता. सरकारी कामाचा अनुभव असल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

या व्यवस्थेचं नाव आल्सा. यारोस्लाव किसेला नावाच्या चेक माणसानं १९९८ मध्ये ती सुरू केली, तीही स्वतःच्या आवडीच्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या एका कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून. पुढे २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीपासून तीच मुख्य व्यवस्था झाली. तिची एक जुनी तऱ्हा मला फार भावली. आल्सा नव्यानं बसवली की सगळे खांब मुळातच बंद असायचे. आवाज हवा असेल तर उघडून घ्या. लाउडस्पीकरवाल्या मंडळांनी ही प्रथा उचलली असती तर बरं झालं असतं.

आमचा घोटाळा वेगळाच होता, आणि तो समजून घेताना मला खरी गंमत वाटली. २००४ मध्ये इंटेलनं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ नावाचा आराखडा आणला. त्यानुसार चिपच्या आत छोटी छोटी ठाणी असतात. एक आकड्यांचा आवाज करतं, एक आवाजाचे आकडे करतं, एक मिसळतं. आणि बाहेरच्या जगाशी जोडलेल्या पिना असतात. प्रत्येक पिनेपाशी ३२ बिटांची एक नोंद: या पिनेला स्पीकर जोडलाय की माइक, भोक पुढच्या अंगाला आहे की मागच्या, रंग हिरवा की गुलाबी. लॅपटॉप बनवणाऱ्यानं बायोसमधून ही नोंद भरायची, ड्रायव्हरनं ती वाचायची आणि त्याप्रमाणे आवाज सोडायचा. कागदावर इतकी देखणी सोय, की एकच ड्रायव्हर साऱ्या दुनियेला पुरावा.

नोंदी भरणारे मात्र आपल्यासारखेच. कुणी स्पीकरच्या पिनेवर ‘इथे काही जोडलेलं नाही’ असं लिहून मोकळं होतं. कुणाचा स्पीकर जोडलेला असतो, पण त्याचा अँप्लिफायर एक गुप्त आकडा सांगितल्याशिवाय जागा होत नाही. कुणी कीबोर्डावरचा आवाजबंदीचा दिवा थेट आवाजाच्या चिपच्याच एका पायाला बांधून ठेवतं, त्यामुळे दिवा लावायचा तर तेही काम ध्वनिखात्याकडे. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरला या भानगडी माहीत असतात, म्हणून दुकानात सगळं छान वाजतं. लिनक्स बिचारं लिहिलेल्यावर विश्वास ठेवतं. आमच्या स्पीकरची पीन ‘काही जोडलेलं नाही’ म्हणत होती. लिनक्सनं ते मानलं आणि तिकडे आवाज पाठवलाच नाही. याला बिघाड म्हणवत नाही. सज्जनपणा जरा जास्त झाला, एवढंच.

आता आमच्या मंडळाच्या अण्णांकडे येतो. अण्णा पखवाज वाजवतात. भजन सुरू व्हायच्या आधी ते परातीत मूठभर कणीक घेतात, बेताच्या पाण्यात मळतात आणि डाव्या पुडीच्या मधोमध पुरीएवढी चकती थापतात. एक थाप मारतात, मान कलती करून ऐकतात, चिमूटभर काढतात. पुन्हा थाप. हवा दमट असली की पुडी मुळातच ढिली, मग हातोडीनं गट्टे ठोकून वादी ताणायची आणि कणकेचा हिशेब पहिल्यापासून. भजन आटोपलं की ती खरवडून कोंबड्यांना टाकायची. किती कणीक लागते, असं मी एकदा विचारलं होतं. "ती पखवाजालाच इचारा," अण्णा म्हणाले.

लिनक्सवाल्यांनी नेमकं हेच विचारून ठेवलंय, आणि लिहूनही ठेवलंय. जगातल्या कुठल्या पखवाजाला किती कणीक लागते, याची एक वहीच त्यांनी केली आहे. त्या वहीतली ओळ अशी: बनवणाऱ्याचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, ओळखीपुरतं नाव आणि शेवटी उपाय. अमक्याची पीन तमकी समजा. ढमक्याचा अँप्लिफायर असा उठवा. या तक्रारींना ते ‘क्वर्क’ म्हणतात, आपण खोडी म्हणू. एकट्या रियलटेक कंपनीच्या चिपांची फाइल १० हजार ओळींच्या पुढे गेली होती, शेवटी २०२५ मध्ये तिच्या वाटण्या करून वेगवेगळ्या फायली कराव्या लागल्या. आणि वही एका घरात राहत नाही. ज्याचा एकच पखवाज आहे त्याच्याही घरी सगळ्यांच्या कणकेचा हिशेब पोचतो. वेल्ह्यातल्या माझ्या लॅपटॉपमध्ये या क्षणी अशा शेकडो यंत्रांच्या खोडी नोंदवलेल्या आहेत, जी मी जन्मात पाहणार नाही.

मला नवल वाटलं ते या वहीच्या भाषेचं. इतक्या ओळी, पण कुठे शिव्याशाप नाहीत. चूक कुणाची, नोंद कुणी खोटी भरली, याचा पंचनामा नाही. नुसता उपाय, तोही क्रमांकानुसार ओळीत. नवी ओळ मधेच कुठे तरी घुसवलीत तर सांभाळणारा ती जागेवर लावायला सांगतो. आपल्याकडे एखाद्या समितीकडे हे काम असतं तर आधी दोष निश्चिती झाली असती, आवाज पुढल्या बैठकीत.

ही वही सांभाळणाऱ्यांत ठळक नाव ताकाशी इवाई यांचं. जपानी माणूस, नोकरी जर्मनीच्या सुसे कंपनीत, आणि दोन दशकांहून अधिक काळ लिनक्सच्या आवाजाची राखण. फोन आणि छोट्या बोर्डांवरच्या आवाजाचं दुसरं मोठं खातं मार्क ब्राउन बघतात. तिथे ड्रायव्हरचे तीन तुकडे केलेले असतात: एक आवाजाच्या चिपचा, एक मुख्य प्रोसेसरच्या बाजूचा, आणि एक नुसता या दोघांची सोयरीक जुळवणारा. साउंडवायर नावाच्या नव्या जोडणीपुढे आपल्या विनोद कौल यांचं नाव आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेंटेनर्स नावाची एक फाइलच असते, त्यात कुठला भाग कुणाकडे हे लिहिलेलं असतं, आणि त्या भागाची अवस्थाही. पगार घेऊन सांभाळणारा असेल तर एक शेरा, नुसता सांभाळणारा असेल तर दुसरा, सवडीनं डागडुजी करणारा असेल तर तिसरा, आणि कुणीच नसेल तर सरळ ‘अनाथ’. इतका प्रामाणिक कागद मी तालुक्याच्या ठिकाणी पाहिलेला नाही.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न केला. "पैकं कोण देतं?" बहुतेकांना कंपन्या पगार देतात, असं पुतण्यानं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. फुकटच्या कामावर अण्णांचा विश्वास नाही. स्वतः ते पखवाज फुकट वाजवतात, हा भाग निराळा.

सांभाळणाऱ्याचं खरं काम म्हणजे नवी ओळ घेणं नव्हे, ती घ्यावी की नाही हे ठरवणं. एकाच क्रमांकाची दोन मॉडेलं निघतात आणि दोघांच्या आतल्या तारा वेगळ्या. एकाला दिलेल्या औषधानं दुसऱ्याची वाचा जाते. म्हणून चौकशी बारीक: हे यंत्र तुमच्यासमोर आहे का? लावून पाहिलंत का? झोपवून उठवल्यावरही चालतं का? काल चालत होतं ते आज बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा कर्ता लायनस टोरवाल्ड्स याचा जुना दंडक, आणि तो मोडला तर दुरुस्ती कितीही सुंदर असो, माघारी. नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे नवं काम घ्यायचं, उरलेले सगळे नुसती निस्तरानिस्तर. हे प्रमाण मला फार खरं वाटलं.

याच दंडकापायी एकदा दिलेली नावंही सहजी बदलता येत नाहीत. आमच्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि माणसं अजून वेल्हंच म्हणतात. कुणाचं काही अडलं नाही. तिकडे मात्र ‘पीसीएम’ खांबाचं नाव बदलून कुणी छानसं ठेवलं, तर त्या जुन्या नावानं आवाज साठवून ठेवणाऱ्या आणि शोधणाऱ्या प्रोग्रामांची पंचाईत होते. म्हणून पीसीएम तो पीसीएमच.

आणखी एक बारीक खोड पुढे स्पीकर वाजू लागल्यावर आमच्या मंडळात निघाली. आवाज थांबला की वीज वाचवायला चिप डुलकी घेते, आणि पुढचा सूर आला की दचकून उठते. उठताना काही यंत्रांच्या स्पीकरमधून ‘टप’ असा आवाज होतो. एक अभंग संपून दुसरा सुरू होताना नेमका हा ‘टप’ यायचा, आणि अण्णा प्रत्येक वेळी शेजारच्याकडे रागानं बघायचे. कोण हा मधेच थाप मारणारा? यावरही तोडगे आहेत. ज्या यंत्रांना डुलकी सोसत नाही त्यांची वेगळी यादी आहे, त्यांना झोपूच द्यायचं नाही. फोनवाल्या खात्यात तर चिपचा कुठला भाग आधी उठवायचा आणि कुठला नंतर, याचा क्रम ठरवणारी स्वतंत्र यंत्रणाच आहे. आवाज येऊ नये म्हणून एवढी मेहनत घेणारं ध्वनिखातं दुसरं नसेल.

आमच्या स्पीकरचं म्हणाल, तर पुतण्यानं यंत्राची सगळी कुंडली काढून ईमेलनं धाडली. त्यासाठी आल्साइन्फो नावाचं साधन असतं. दोन दिवसांत उत्तर आलं, फारच सभ्य: सोबतचा बदल लावून पाहा आणि कळवा. बदल म्हणजे मोजक्या ओळी. पुतण्यानं रात्रभर कर्नल बांधलं, म्हणजे लॅपटॉपनं बांधलं, तो झोपला होता. मधे वीज गेली, बॅटरी पुरली नाही, सकाळी पुन्हा लावलं. दुपारी स्पीकरमधून टाळ-मृदंग वाजले आणि ओसरीवरचं मांजर उठून गेलं.

"काका, ते विचारतायत, तपासणाऱ्याचं नाव देऊ का म्हणून. ‘टेस्टेड-बाय’ असं लिहितात. माझं देऊ की तुमचं?"

"तपासलं कुणी?"

"मी लावलं. ऐकलं सगळ्यांनी."

"मग मंडळाचं दे."

"मंडळाचं चालायचं नाही. माणसाचं लागतं, आणि ईमेलचा पत्ता."

अण्णांकडे ईमेल नाही. सरपंचांकडे आहे, पण त्यांनी ऐकलेलं नव्हतं, आणि न ऐकता नाव घालायला पुतण्या तयार होईना. या बाबतीत तो त्या लोकांच्या वळणावर गेलाय. शेवटी त्यानं स्वतःचंच नाव घातलं. गावाचं नाव कुठे तरी येऊ दे, असा मी आग्रह धरला, तर तसा रकानाच नव्हता.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर १९९२ च्या काळातलं ते ग्रॅव्हिसचं कार्ड पडलेलं असेल, तर भंगारात घालू नये. ते खोचायची खाच असलेला संगणक आता मिळायचा नाही, पण त्याचा ड्रायव्हर पुतण्यानं मला कर्नलच्या पोटात काढून दाखवला. अण्णा म्हणतात, आधी कार्ड तर बघू, खाच सुतार करून देईल.