गोधडीचं सोवळं

कोसाड आवास वसाहतीतल्या आमच्या खानदेशी आजीबाईंची पंचाईत बघा: सुरतेत साड्यांचे डोंगर, पण गोधडीला सुती लुगडं मिळेल तर शपथ! पॉलिस्टरवर टाका सरकतो आणि घामही टिपला जात नाही. मग धुळ्याहून जुनेर मागवायचं, धावदोरा घालत डोळे फोडायचे आणि पणतवंडाच्या बारशाला गोधडी द्यायची. नातसूनबाई ती तत्परतेने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटावर चढवतात. ‘वापरली तर खराब होईल ना!’ सुती कापडाला वारा लागतो, अधूनमधून ऊन लागतं, हे सांगणाऱ्याला जुनाट म्हणायचं. बाळ मिंक ब्लँकेटखाली घामाघूम, पंखा पाचवर. पावसाळा सरल्यावर पिशवी उघडतात, बुरशीचा भपकारा येतो. आणि नाक मुरडलं जातं ते आजीच्या जुनेराला.