पडीक कोणाला म्हणता?

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामळ विदर्भात, संजय गांधी बोरिवलीत, चांदोली सह्याद्रीत. सोलापूर जिल्ह्यात एकही नाही. म्हणून सुट्टी लागली की आमच्या घरांत मोबाईल निघतो आणि ताडोबाची शोधाशोध सुरू होते. कुठल्या गेटवर वाघ दिसतो, जिप्सीला किती पडतात, आरक्षण कधी उघडतं. तासाभरानं कळतं की हव्या त्या तारखा गेल्या. मग कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडं बघण्यासारखं आहेच काय?’

हे वाक्य मला सहन होत नाही.

त्याच मोबाईलवर होटगी शोधा. होटगी म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं, विजयपूर-गदगची गाडी तिथून फुटते म्हणून. पण गावाला तलाव आहे, आणि त्या तलावावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा २००२ पासून ईबर्ड नावाचं संकेतस्थळ चालवते. नकाशावर आपला परिसर उघडायचा, की लोकांनी तिथं कोणते पक्षी पाहिले, कोणत्या महिन्यात पाहिले, ते समोर येतं. पैसे लागत नाहीत. पक्ष्यांची नावं मराठीतही वाचता येतात. त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं, आणि एकदा उतरवून घेतलं की माळावर रेंज नसली तरी चालतं. त्यानं सुचवलेलं नाव डोळ्यांनी ताडून मगच लिहायचं, एवढं पथ्य पाळा.

आता जुन्याकडे वळू, कारण खरा खजिना तिथं आहे. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून माहिती गोळा करत होता. १८३१ मध्ये त्यानं आपल्या माळावरच्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. माळावर गाणारा एक तुरेवाला चंडोल आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. अशा जुन्या ग्रंथांची पानं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या १८८६ पासूनच्या नियतकालिकाचे जुने अंकही तिथं आहेत. पूर्वी हे वाचायला मुंबईची वारी करावी लागे. आज होटगीतली नववीतली मुलगी घरी बसून पान उलटू शकते. इंग्रजी जड जाईल हे खरं. शिक्षकांनी सोबत बसावं, त्यांचं कामच आहे ते.

आणि मराठीचं म्हणाल, तर मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे. वनखात्यात राहून रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी वेचले, ‘पक्षिकोश’ रचला, आणि २००६ च्या सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या गावात ‘बघण्यासारखं काय’ असं विचारलं जावं, याची मला लाज वाटते.

मोबाईलवर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहून राग यावा. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं. तो जिल्हावार आहे आणि कुणालाही पाहता येतो. त्यात झुडपी माळ पडीक म्हणून मोजले जातात. ज्या माळावर खोकड बीळ करतो, धाविक उघड्यावर अंडी घालते, काळवीट चरतो, लांडगा पिलं वाढवतो, तो कागदावर पडीक! गवताळ रान म्हणजे झाडं नसलेलं, बिघडलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या प्रदेशाचं तेच पूर्ण रूप आहे. तिथं खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे माळ मोडणं, आणि हे काम आपण टाळ्या वाजवून करतो.

माळ मोडला की काय जातं, ते नान्नजला विचारा. माळढोक पक्ष्यासाठी तिथं १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हा क्षेत्र होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आणि शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. ते वैतागणं रास्त होतं. पुढं हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. हद्द आखताना घाई झाली, ती सोडवताना वर्षं गेली, आणि दरम्यान माळढोक दिसेनासा होत गेला. मादी सहसा एकाच अंड्यावर बसते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला आपल्या कज्जांची मुदत परवडत नाही.

म्हणून नुसतं पाहून मोबाईल खिशात टाकू नका. नोंद करा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडून आपल्या गावचा माळ किती उरला ते मुलांना दाखवा. उद्या कुणी गायरानाकडं बोट दाखवून ‘इथं काही नाही’ म्हणाला, तर तारीखवार यादी त्याच्यापुढं ठेवता आली पाहिजे. यादीच नसेल तर त्याचंच म्हणणं खरं ठरेल. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: घरट्याची, लांडग्याच्या बिळाची, माळढोक किंवा तणमोर दिसल्याची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. थेट वनखात्याला कळवायची. कॅमेरेवाल्यांची झुंड घरट्यापाशी पोचली, तर नुकसान तुमच्या हातून झालेलं असेल.

होटगीच्या शाळांना, महाविद्यालयांना आणि ग्रामपंचायतीला माझं एक मागणं आहे. महिन्यातून एक रविवार ठरवा. सकाळी सातला तलावावर, तिथून माळावर. दोन मोबाईल आणि एक वही पुरे. एका जागी उभं राहून पंधरा मिनिटांत दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, चिमणी-साळुंकीसकट, आणि घरी येण्याआधी यादी ईबर्डवर चढवायची. रोहित यायच्या आत, येत्या रविवारीच सुरुवात करा.