देशाचे नाना

विरारच्या आमच्या सोसायटीचे खजिनदार नाना देशाच्या पैशाच्या बाबतीत फार उदार आहेत. ‘एक लाख आठ हजार कोटी’ हा बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजाचा आकडा ते असा उच्चारतात, की वाटावं आत्ताच खिशातून सुटे काढून दिले.

उभी नोकरी लोकलच्या दारात लोंबकळून केलेल्या या माणसाला विरारला बुलेट ट्रेन थांबणार हे कळलं आणि त्याची चालच बदलली. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, वेग ताशी ३२०, स्टेशनं बारा. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात ठाण्याच्या खाडीखालून. हे सगळं नाना जिन्यात सांगतात. जिन्यात, कारण आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. आणि लिफ्ट नाही, कारण नाना खजिनदार आहेत.

“जपाननं कर्ज कितीनं दिलंय माहितेय? ०.१ टक्क्यानं! शंभर रुपयांवर वर्षाला दहा पैसे. फेडायचं पन्नास वर्षांत, त्यातली पहिली पंधरा वर्षं हप्ताच नाही.”

चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघा धरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मग नाना, लिफ्टपुरते थोडे जास्तीचे मागून घ्या ना!”

नानांना असली थट्टा खपत नाही. वार्षिक सभेत कुणी विचारलं, की कर्ज येनमध्ये, फेडायचंही येनमध्ये. उद्या रुपया घसरला तर तो दहा पैशांचा हिशेब राहील का? “देशाचं असं बघायचं नसतं,” म्हणून नाना पुढच्या विषयावर गेले. पुढचा विषय जिन्यातले दिवे रात्री अकराला बंद करण्याचा होता.

चीनचा तर त्यांना विलक्षण मत्सर. २००८ मध्ये बीजिंग-तिआनजिन सुरू झाली, आणि आज चाळीस हजार किलोमीटरच्या वर जाळं! “अवाढव्य देश असाच जोडायचा असतो. आधी ओतायचं, मग मोजायचं.” पाण्याचा पंप जळाला तेव्हा याच नानांनी तीन कोटेशनं मागवली, तिन्ही महाग ठरवली, आणि चौथं येईपर्यंत आख्ख्या इमारतीनं बादल्या वाहिल्या.

पण नानांचा खरा देव म्हणजे शिंजी सोगो. जपानी रेल्वेचे हे अध्यक्ष तोक्यो-ओसाका बुलेट ट्रेनच्या हट्टाला पेटले. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिली गाडी सुटली, त्या समारंभाला हा माणूस नव्हता. इथं आलं की नानांचा आवाज हमखास कापरा होतो. “खर्च वाढला म्हणून असल्या माणसाला काढायचं? कोत्या मनाची माणसं!”

ऐकणाऱ्यांत आमचे आधीचे खजिनदारही असतात. गणपतीच्या मांडवाचा खर्च ठरल्यापेक्षा तीनशे चाळीस रुपयांनी वाढला, म्हणून नानांनीच त्यांचा राजीनामा घेतला होता. बिचारे मान खाली घालून हसतात.

नाना ढोंगी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. कोटींना चेहरा नसतो. तीनशे चाळीस रुपयांना मांडववाल्याचा असतो, आणि त्याच्याशी नाना मनसोक्त भांडू शकतात. शिवाय भूसंपादनात पालघरकडच्या कुणाची वाडी गेल्याचं कानावर आलं, की ते घटकाभर गप्प होतात. तेवढ्यापुरता त्यांच्यातला खजिनदार जागा होतो.

परवा भाचीच्या लग्नाला ते अहमदाबादला निघाले. मी म्हटलं, “बुलेट ट्रेन असती तर दोन तास सात मिनिटांत पोहोचला असता.”

“छे!” पिशवीत चादर कोंबत नाना म्हणाले. “रात्रीच्या गाडीचं स्लीपर काढलंय. गाडीतच झोप होते, लॉजचे पैसे वाचतात. दोन तासांत पोहोचल्यावर माणसानं झोपायचं कुठं?”