ब्रेक दिसला पाहिजे

डिस्क ब्रेक सायकल थांबवण्यासाठी घेतात, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. ठाण्यात किसन नगरातून वागळे सर्कलकडे निघालात तर रिक्षा, टेम्पो, कंपनीच्या बसगाड्या आणि उलट्या बाजूने येणारा डिलिव्हरीवाला एवढे सगळे मिळून तुम्हाला थांबवायला समर्थ आहेत. त्यात ब्रेकने लुडबुड करू नये. ब्रेकने फक्त दिसायचं. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याने “अरे वा, डिस्क का?” म्हटलं, की पैसे वसूल.

१. दुकानात शिरल्या शिरल्या “डबल डिस्क आहे ना?” असं खणखणीत आवाजात विचारा. “कॅलिपर कुठला?” असं मात्र चुकूनही विचारू नका, उगाच दुकानदार अडचणीत येतो. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन पॅडमध्ये धरणारा भाग. स्वस्तातल्या सायकलवर बहुधा असा कॅलिपर असतो की त्याचं एकच पॅड हलतं. ते डिस्कला किंचित वाकवून पलीकडच्या पॅडवर नेऊन टेकवतं. म्हणजे दोघांपैकी एक काम करतो आणि दुसरा मस्टरवर सही करून बसून राहतो. नोकरी केलेल्या माणसाला यात खटकण्यासारखं काही नाही. दोन्ही पॅड हलवणारे कॅलिपरही असतात, उदाहरणार्थ टीआरपी स्पायर. हे नाव पाठ करा, चारचौघांत टाका, विकत घेऊ नका. पुढच्या-मागच्या जोडीच्या पैशांत एक साधी नवी सायकल येते, हे घरच्यांना कुठूनतरी कळतंच.

२. डिस्क केवढी घ्यायची? शहरातल्या सायकलला १६० मिलिमीटर भरपूर होते, म्हणून १८०चीच मागा. तिच्यासाठी वेगळा ॲडॅप्टर लागतो, तो दुकानात नसतो, आणि तो येईपर्यंत “पार्ट मागवलाय” असं सांगत हिंडता येतं.

३. जुन्याच सायकलला डिस्क लावत असाल, तर लिव्हर जुनाच ठेवा. सरळ हँडलचा लिव्हर वायर जास्त ओढतो, वळणदार रेसिंग हँडलचा कमी. जास्त ओढ मागणाऱ्या कॅलिपरला रेसिंगचा लिव्हर जोडलात, तर तो हँडलला टेकेल आणि पॅड डिस्कपर्यंत पोचणारच नाही. पॅड झिजण्याची काळजी कायमची मिटली.

४. सायकल ऑनलाइन मागवलीत तर खोक्यावर ‘८५ टक्के जोडलेली’ असं लिहिलेलं सापडेल. निश्चिंत राहा. उरलेल्या १५ टक्क्यांत फक्त हँडल, पुढचं चाक, पेडल आणि ब्रेक येतात. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा बसवण्याची संधी इथेच मिळते. पुढचा कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायावर, मागच्या अंगाला असायला हवा. तुमचा उजवीकडून पुढे डोकावत असेल तर चिमटा उलटा आहे. असू दे. पुढून जास्त छान दिसतो.

५. आता सेटिंग, म्हणजे खरं शास्त्र. तुम्ही उभे आहात त्या वागळे इस्टेटची थोरवी आधी ध्यानात घ्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली तिचा श्रीगणेशा इथला. इथल्या गाळ्यांत लेथवर बसलेला माणूस मायक्रॉनमध्ये बोलतो. जॉब केसभर जास्त कापला गेला तर तो दिवसभर स्वतःवर चिडलेला असतो. हाताशी आयटीआय आहे, फिटर आहेत, टर्नर आहेत, वॉशर पाडून देणारे आहेत. यांतल्या कुणाकडेही जायचं नाही. कॅलिपरखाली घालायचा पाच रुपयांचा वॉशर ऑनलाइन मागवायचा आणि आठवडाभर कुरिअरवाल्याची वाट बघायची.

वॉशर येईपर्यंत असं करा. कॅलिपरचे दोन बोल्ट ५ नंबरच्या ॲलन कीने ढिले करा. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवा (या भागात सेल्स इंजिनिअरांची कार्डं ढिगाने मिळतात), लिव्हर घट्ट दाबून धरा, बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळा, कार्ड काढा. चाक फिरवा. कुठेही न घासता फिरलं पाहिजे. गंमत म्हणजे फिरतंसुद्धा. इतक्या सोप्या कामाने आपली प्रतिष्ठा ती काय राहणार? म्हणून हे सोडा आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचा मार्ग धरा. तो वायर पकडीने खेचतो, कॅलिपरचा दांडा अर्धा आधीच वर येतो, चाक ‘शीक शीक’ करत फिरतं आणि तो म्हणतो, “चालवा शेठ, घासून घासून बसेल.” बसतं. पॅड बसतं, मग तुम्ही.

दांडा असा आधीच वर आला की त्याचा जोर कमी होतो. पॅड झिजल्यावर खरं तर पॅड आत सरकवायचं असतं, त्यासाठी कॅलिपरवर वेगळा स्क्रू असतो. त्या स्क्रूला हात लावू नका, नवाकोरा राहू द्या.

६. वायरवरचं आऊटर बदलायची वेळ आलीच तर गिअरचं घाला. ब्रेकचं ५ मिलिमीटरचं असतं, आत तारेचं वेटोळं. गिअरचं ४चं, आत उभ्या तारा, त्या ब्रेकचा ताण सोसत नाहीत आणि नेमक्या घाईच्या क्षणी फाटतात. पण फ्रेमच्या रंगाला मॅच होणारं आऊटर दुकानात गिअरचंच मिळालं, त्याला तुम्ही काय करणार?

७. पहिल्या पावसात ब्रेक ओरडेल. कर्कश. सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठेल इतका. तुम्ही गोंधळून जाल, बिचारे. घरात प्रत्येकाकडे यावर एकच औषध असतं: तेल. शिवणयंत्राचं, खोबरेल, गंज काढायचा स्प्रे, जे मिळेल ते डिस्कवर मारा. आवाज त्याच क्षणी बंद होतो. ब्रेकही. तेल प्यायलेलं पॅड साबणाने धुऊन सुधारत नाही, नवं घ्यावं लागतं, आणि डिस्क स्पिरिटने पुसावी लागते. हे दुकानदाराला ठाऊक असतं. म्हणून तर तो तेलाची बाटली काउंटरवर, पॅडच्या शेजारी मांडून ठेवतो.

८. नवी पॅड ‘बसवावी’ लागतात. थोडा वेग घ्या, चाक जाम न करता ब्रेक दाबत सावकाश हळू व्हा, पुन्हा वेग घ्या, असं वीसेक वेळा. रोड नंबर १६वर रविवारी सकाळी कदाचित जमेल. इतर दिवशी अर्धाच भाग जमतो, हळू होण्याचा.

९. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडतो, असं लहानपणी काकांनी सांगितलेलं आहे. सायकल थांबवायचा मोठा भार पुढचा ब्रेकच उचलतो. पण काकांच्या शब्दापुढे भौतिकशास्त्राने जायचं कशाला? पुढची डिस्क फोटोसाठी ठेवा.

१०. एवढं सगळं झाल्यावर येऊरला जावंच लागेल. ठाण्यात सायकल घेतलेल्याला त्यातून सुटका नाही. उपवनवरून वर चढा, वडापाव खा, डिस्क नीट दिसेल असा सायकलचा फोटो काढा आणि उतरायला लागा. खाली आल्यावर लगेच ब्रेकची परीक्षा घ्या. डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाका. चर्र झालं तर ब्रेक लागत होते. काहीच झालं नाही, तर बुटाचे तळ बघा.