तीन टक्क्यांचं मृत्युपत्र

अहो वहिनी, जरा भिंतीजवळ या बघू. कणीक भिजू दे तोवर, काही बिघडत नाही. काल संध्याकाळी तुमच्याकडे तासभर बसला होता ना, काळी बॅग, चकचकीत फाइल, चहाबरोबर दोनदा बिस्किटं मागून घेतली, तो कोण ते आधी सांगा. मी काही मुद्दाम बघत नव्हते. तुळशीला पाणी घालत होते.

वकील? वकील म्हणाला स्वतःला? मुहुरी आहे हो तो, वकिलाचा कारकून. अलीपूर कोर्टात एका वकिलाच्या टेबलाशी बसायचा, आता कार्ड छापलंय. मुहुरी असण्यात कमीपणा काहीच नाही, अर्धं कोर्ट त्यांच्याच जिवावर चालतं. पण मुहुऱ्यानं मुहुरी म्हणून यावं. मागच्या महिन्यात समोरच्या मास्टरमोशायांकडे आला होता. तिथेही तेच पालुपद, ‘बांगलाय प्रोबेट छाडा किच्छू होय ना, बोउदी.’ बंगालमध्ये प्रोबेटशिवाय पान हलत नाही म्हणे! आणि मग मृत्युपत्र आणि प्रोबेट मिळून पॅकेज, घराच्या किमतीच्या तीन टक्के. तुम्हालाही तीनच म्हणाला ना? बघा. ८० लाखांचं घर धरलं तर दोन लाख चाळीस हजार झाले. त्यातले निम्मे आत्ता आणि निम्मे तुमच्या मागे, म्हणजे तुमचे दिवसवार आटोपायच्या आत लेक पुण्याहून येऊन याच्या हातावर ठेवणार!

नाही, पूर्ण खोटं बोलत नाही तो, तिथंच तर गोम आहे. डिसेंबर २०२५ पर्यंत त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मी बँकेत शेवटची कितीतरी वर्षं मयत खातेदारांच्या क्लेमच्या टेबलावर काढली, माझ्याइतकं हे कुणी भोगलं नसेल. माणसं वडिलांचं मृत्युपत्र घेऊन यायची आणि आम्ही विचारायचं, प्रोबेट कुठंय? म्हणजे कोर्टानं हे मृत्युपत्र खरं आहे असं शिक्का मारून द्यायचं. नसेल तर जा अलीपूरला, जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा, सगळ्या वारसांना नोटिसा, पेपरात जाहिरात, मालमत्तेची यादी, तिची किंमत, त्यावर कोर्ट फी. आणि एखाद्या भावानं हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, मग तारखा मोजत बसा.

आणि हे सगळीकडे नव्हतं हं! माझी दादरची ताई गेली तेव्हा प्रोबेट लागलं. तिकडे प्रोबेटची कोर्ट फी ७५ हजारांवर थांबते म्हणून त्यातल्या त्यात सुटलो, वकिलाचं वेगळं. पुण्याची माई गेली, तिचंही मृत्युपत्रच होतं. कुणी प्रोबेटचं नाव काढलं नाही. मला तेव्हा वाटलं, पुण्यात काहीतरी राहिलंय करायचं. तर नाही. १९२५ च्या वारसा कायद्यातच तसं होतं. मुंबई आणि मद्रास हायकोर्टाच्या मूळ हद्दीत, म्हणजे त्या शहरांपुरतं, आणि आपल्याकडे १ सप्टेंबर १८७० या दिवशी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या ताब्यात जेवढा मुलूख होता तेवढ्या सगळ्यात! कलकत्ता हायकोर्टाची मूळ हद्द बेहाल्यापर्यंत येत नाही, पण गव्हर्नरसाहेबाची येते. त्यामुळे ठाण्याच्या माणसाला नको, नाशिकच्याला नको आणि बेहाल्यातल्या तुम्हाआम्हाला हवं. तेही हिंदू, बौद्ध, शीख, जैन असाल तर. मेटियाब्रुजच्या मुसलमान शिंप्याला कधीच नव्हतं, ख्रिस्ती लोकांना २००२ मध्ये सोडलं. कोण तो १८७० चा साहेब, त्याच्या हद्दीपायी आमच्या टेबलासमोर बायका रडायच्या.

तर ते कलमच गेलं. २१३ नंबरचं. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं जुने कायदे रद्द करायचा एक कायदा केला, एका झटक्यात ७१ काढून टाकले, त्याच्यातच हे कलमही उडवलं. मोठी बातमी नाही झाली. झाली असती तर या मुहुऱ्याचं दुकान जानेवारीतच बसलं असतं. आता प्रोबेटची सक्ती नाही. घ्यायचं असेल त्याला घेता येतं, कोर्ट बंद झालेलं नाही. भावाभावांत वाजणार अशी खात्री असेल, कुणी सहीच खोटी म्हणणार असेल, तर घ्यावंच. एकदा कोर्टानं शिक्का मारला की तोंडं बंद होतात. पण ते तुमच्या मागे मुलांनी ठरवायचं, तेव्हाची परिस्थिती बघून. तुम्ही जिवंतपणी आगाऊ पैसे भरून ठेवायची ती वस्तूच नाही! मेल्याशिवाय प्रोबेट होत नाही, आणि हा अर्धे पैसे आत्ता मागतो.

हां, बँकेतला काउंटरवरचा पोरगा अजून वर्षभर जुन्याच यादीवर बोट ठेवून प्रोबेट मागेल, ते मी लिहून देते. आमच्याकडे परिपत्रक खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो. तेव्हा मॅनेजरकडे जायचं आणि लेखी मागायचं, कुठल्या नियमानं मागता ते. लेखी म्हटलं की निम्मे लोक निवळतात.

नॉमिनी? हो, नॉमिनी आहे ना मुलगा, मग कशाला मृत्युपत्र, असं भावजी म्हणाले असतील. पुरुषमंडळी सगळी हेच म्हणतात. अहो, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. आपल्या कालनिर्णयच्या साळगांवकरांचंच घ्या. घराघरात भिंतीवर त्यांचं नाव. जयंतरावांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं, २०१३ मध्ये गेले, आणि त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून ज्यांची नावं होती ते मालक की मृत्युपत्रातले वारस मालक, हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला, नॉमिनीनं वारसाहक्क मारला जात नाही. दहा वर्षं गेली, वहिनी! साऱ्या महाराष्ट्राला मुहूर्त काढून देणाऱ्याच्या घरात. आता बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, नोव्हेंबर २०२५ पासून. लावा की, पैसे लवकर हातात पडतात. पण त्यावर विसंबू नका.

आता मला सांगा, फाइल ठेवून गेलाय का? आणा इकडे. चष्मा आहे माझ्या गळ्यातच.

बघा, मला वाटलंच होतं. २२ पानं. एवढं तर आमच्या बँकेचं कर्जाचं करारपत्र नसायचं. आणि सगळं इंग्रजी, ‘हिअरइनबिफोर’ आणि काय काय. भावजींना झोप लागेल चौथ्या पानावर. स्टॅम्प पेपरचे पैसे वेगळे लावलेत. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतच नाही हो! साध्या कागदावर चालतं, नोटरीही लागत नाही. आणि हे नववं कलम वाचलंत? एक्झिक्युटर कोण? हाच! म्हणजे तुमच्या मागे घराच्या किल्ल्या, बँकेची पासबुकं सगळं याच्या हातात, आणि ‘योग्य तो मोबदला’. योग्य म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. मूळ प्रत ‘कार्यालयाच्या लॉकरमध्ये’. आणि इथे साक्षीदार एक, साक्षीदार दोन, दोन्ही पत्ते कोरे. त्याचीच माणसं सह्या ठोकणार.

तुमच्या लेकीचं नाव कुठंय? पुण्याचा मुलगा आहे, बंगळुरूची मुलगी नाहीच. विचारलंच नाही त्यानं? बघा, यावरून माणूस कळतो. मृत्युपत्र लिहिणारा चांगला वकील आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारतो. मुलं किती, कुणाला काय दिलंत आजवर, एखाद्याला वगळायचं तर का, तब्येत कशी, गोळ्या कसल्या चालू आहेत. आणि मुलाला बाहेर बसवून तुमच्याशी एकटीशी बोलतो. अजून एक, घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे ना? कॉर्पोरेशनच्या बिलावर दोन नावं बघितलीत मी. मग मृत्युपत्रं दोन केलेली बरी, तुमचं वेगळं, भावजींचं वेगळं. यानं एकातच गुंडाळलंय.

कागद बघूनच कळतं सगळं असं नाही, पण बरंचसं कळतं. आमच्या शाखेत एक बाई आली होती, नवऱ्यानं मुलांच्या शाळेच्या वहीची पानं फाडून त्यावर बॉलपेननं मृत्युपत्र लिहिलेलं. बंगालीत, सहा ओळी. एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. खाली दोन साक्षीदार, एक औषधाच्या दुकानाचा मालक, दुसरे शिकवणीचे सर, दोघांचे पूर्ण पत्ते, दोघांनी आपल्या हातानं लिहिलेलं की यांनी आमच्यासमोर सही केली. अलीपूरला औषधवाला जाऊन उभा राहिला, हो म्हणाला, सुटलं. त्याच सुमाराला दुसरं एक आलं, असंच जाडजूड, सोनेरी दोऱ्यानं बांधलेलं. साक्षीदार म्हणजे एजंटाच्या ऑफिसातली दोन पोरं. ऑफिस बंद, एक पोरगा दुबईला, दुसऱ्याचा पत्ताच नाही. साक्षीदार सापडले नाहीत तर अक्षरं-सह्या पटवून देऊन चालवता येतं, पण किती धावपळ! मुलाचे केस शेवटी पांढरे झाले आमच्याकडे खेपा घालून.

आता मेट्रो जोक्यापासून माझेरहाटपर्यंत धावायला लागल्यापासून डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही बाजूंना प्रमोटर, म्हणजे बिल्डर, फिरतायत. एकटी बाई दिसली की ‘दीदी, विल आमी फ्रीते कोरे देबो.’ फुकट मृत्युपत्र! मला तर तीन टक्केवाल्यापेक्षा त्या फुकटवाल्याची जास्त भीती वाटते. तीन टक्केवाला निदान किंमत सांगतो.

आणि मोठी माणसं काय सुटली आहेत का? प्रियंवदा बिर्ला, आपल्याच कलकत्त्यातल्या. १९९९ मध्ये मृत्युपत्र केलं, २००४ मध्ये गेल्या, आणि सगळं साम्राज्य आपल्या चार्टर्ड अकाउंटंटच्या, राजेंद्रसिंह लोढांच्या नावे. बिर्ला घराणं हायकोर्टात उभं राहिलं. खरं काय ते कोर्टानं बघावं, मी त्यात पडत नाही. पण लोढा २००८ मध्ये गेले आणि लढाई त्यांच्या मुलांकडे आली. ज्यांना वाट्टेल तेवढे वकील परवडतात त्यांची ही गत. आपल्याला तर एक मुहुरी पुरे.

मी काय म्हणते, हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात रविवारी जाल तेव्हा तिथं विचारा, कुणी अलीपूरचा मुरलेला वकील सुचवतील. दोघातिघांना भेटा. पहिला प्रश्न फीचा. ठोक आकडा सांगायला लावा, कागदावर. टक्क्यांत बोलला की नमस्कार करून उठायचं. पानंही टक्क्यामुळेच फुगतात, माझा अनुभव आहे. एक्झिक्युटर मुलीला करा, ती हिशेबाला पक्की आहे. नाही हो, वारस असली तरी एक्झिक्युटर चालते. फक्त साक्षीदार ज्याला काही मिळणार नाही असाच घ्या, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको.

रजिस्टर करायचं का? सक्ती नाही. पण करा, इथं बेहाल्याचं रजिस्ट्री ऑफिस आहेच. सही आपलीच असं तुम्ही अधिकाऱ्यासमोर कबूल केलंत हे पक्कं होतं. नाहीतर पाकिटात सीलबंद करून जिल्हा रजिस्ट्रारकडे ठेवता येतं, ती सोय फार कुणाला माहीत नाही. भावजींना मराठीतच लिहायचंय? लिहू द्या की. कायद्याला भाषेचं काही नाही. फक्त इथल्या रजिस्ट्रीत मराठी कोण वाचणार, म्हणून सोबत भाषांतर जोडावं लागतं. आणि त्याच दिवशी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, शुद्धीवर आहेत, डोकं ठिकाणावर आहे अशी. भावजी चिडतील, पण घ्या.

साक्षीदार म्हणून आमच्या ह्यांना धरू नका. तारातल्याच्या टाकसाळीत दोघं शेजारी-शेजारी मशीनवर होते, खरंय, पण ह्यांना आता मधुमेह, वर भावजींपेक्षा चार वर्षांनी मोठे. साक्षीदार आपल्या मागे उरला पाहिजे ना! मीही नको. वरच्या मजल्यावरची ती भाडेकरू पोरगी गोड आहे, पण पुढच्या वर्षी हैदराबादला निघालीय. चौरस्त्यावरच्या औषधवाल्याच्या मुलाला विचारा. पस्तिशीचा आहे, दुकान स्वतःचं, घर मागेच, कुठं जायचा नाही. फक्त दुपारी एक ते चार जाऊ नका, झोपतो तो. उठवलंत तर सही नीट येणार नाही त्याची.